1978ची पद्मिनी: कामांचा क्रम आणि गोव्याचा पावसाळा

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली, मेस्त्री कामावर परतले आणि पावसाचा जोर ओसरू लागला, तेव्हा आता पद्मिनीच्या पत्र्याला हात घालता येईल. 1978ची ही प्रीमियर पद्मिनी डिचोलीला घराशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. तिचे इंजिन चालू होते आणि ब्रेक लागतात. मात्र दारांखालचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो. जुनी गाडी हाती आली की बहुतेकांना आधी रंग आठवतो. मी क्रम ठरवताना दोनच गोष्टी पाहिल्या: कोणते काम पुढच्या कामामुळे बिघडेल आणि कोणते काम गोव्याच्या कोणत्या महिन्यात होऊच शकत नाही. दुसरा प्रश्न पुण्या-नाशिककडच्या मंडळींना फारसा पडत नसावा. इथे मात्र जून ते सप्टेंबर हे चार महिने अख्ख्या वेळापत्रकावर राज्य करतात.

काहीही सुटे करण्यापूर्वी इंजिन चालू करून पाहिले. 1089 सीसीचे हे चार सिलिंडरांचे इंजिन साधे आहे, पण एकदा उतरवून टेबलावर ठेवले की ते आपल्या तक्रारी सांगत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, आधी कोरडे मोजले आणि नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. तेल घातल्यावर दाब वाढला तर दोष बहुधा रिंगांचा असतो आणि दाब तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे पाहावे लागते. माझ्या गाडीत एका सिलिंडरचा कमी भरलेला दाब तेल घालूनही वाढला नाही, त्यामुळे बोअरिंगचा (सिलिंडर आतून कातून घेण्याचा) खर्च तूर्त टळला आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवण्यावर काम भागले.

त्यानंतर ब्रेक. गाडी शेडमधून टिंकरिंगवाल्याकडे (पत्र्याचे काम करणाऱ्याकडे) न्यायची तर ती थांबली पाहिजे, इतके कारण पुरेसे आहे. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेकचे सर्किट एकच आहे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि आपल्या दमट हवेत नुसत्या उभ्या असलेल्या गाडीचे व्हील सिलिंडरही आतून खड्डे पडून गंजतात. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि धातूच्या नळ्या एकाच वेळी बदलल्या. पेट्रोलच्या वाटेलाही हाच न्याय लावला: टाकी उतरवून धुतली आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, कारण सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यात लवकर खराब होते.

पावसाळ्यात छपराखाली, टेबलावर होणारी कामे उरकली: कार्बोरेटर, स्टार्टर, वायपरची मोटर, मीटर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मागवलेले सामान रात्रीच्या बसने येत राहिले. याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

खरा विचार पत्र्याचा आहे. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही. बॉडीच सारा भार पेलते आणि दारांखालून जाणारी पोकळ पेटी, म्हणजे सिल, हा त्या बांधणीचा कणा आहे. दोन्ही बाजूंची सिल एकदम कापली तर गाडी मधोमध लवते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. त्यामुळे दारे उतरवण्यापूर्वी दारांभोवतीच्या सर्व फटी मोजून लिहून ठेवल्या आहेत. दारांच्या चौकटींत आडवे-तिरपे लोखंडी पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवायचे, गाडी सपाट जमिनीवर नीट आधार देऊन ठेवायची आणि एका बाजूची सिल पूर्ण झाल्याशिवाय दुसरी कापायची नाही, असे मेस्त्रींशी ठरले आहे. त्यांची पहिली पसंती गॅस वेल्डिंगला होती. पण गॅसच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो, म्हणून मी मिगचा (विजेवरच्या, तारेच्या वेल्डिंगचा) आग्रह धरला आणि त्यांनी तो मानला. इंजिन या टप्प्यावर बाहेर निघेल, कारण बॅटरीच्या ट्रेखालचा पत्राही गेला आहे आणि इंजिन बाहेर असतानाच क्लच प्लेट व मागचे ऑइल सील बदलणे शहाणपणाचे. डिकीतील स्टेपनीचा खळगा, मॅटखालची जमीन आणि काचेच्या रबराखालची कड ही गंजाची आणखी तीन ठिकाणे. पाणी बाहेर जाण्याची भोके मातीने बुजलेली असतील तर नवा पत्राही फार काळ टिकत नाही, हे आपल्या लाल मातीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

रंगाचे काम डिसेंबर-जानेवारीत ठेवले आहे. हवेत ओलावा जास्त असताना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते. त्याहून मोठा धोका अर्धवट कामाचा आहे: साधा प्रायमर आणि पुट्टी दोन्ही पाणी शोषतात, त्यामुळे प्रायमरवर सोडलेली गाडी एक पावसाळा बाहेर काढली की गंज आतून सुरू होतो. जानेवारीअखेर पत्रा तयार झाला नाही, तर उघड्या भागांवर पाणी रोखणारा इपॉक्सी प्रायमर मारून रंग पुढच्या वर्षावर टाकायचा. मे महिन्यात घाईने उरकायचा नाही.

वायरिंग रंगानंतर आणि गाद्या वायरिंगनंतर, कारण वेल्डिंगची ठिणगी दोन्ही जाळते. तरी वायरिंगचा एक निर्णय आत्ताच घ्यावा लागला. गाडीला बॅटरी चार्ज करणारा मूळचा डायनॅमो होता आणि तो इंजिन मंद चालत असताना जवळजवळ चार्जिंग करत नाही. जुलैच्या पावसात दिवे आणि वायपर लावून म्हापशाच्या गर्दीत अडकलो तर सारा भार बॅटरीवर येईल. म्हणून मंद गतीतही चार्जिंग करणारा अल्टरनेटर बसवायचे ठरवले. त्यासाठी कटआउटची (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) जुनी जोडणी काढावी लागते, म्हणून नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, त्या हिशेबानेच सांगितला आहे. मूळ डायनॅमो तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आहे.