बॅग अस्सल, चिप अस्सल आणि तरी आठ दिवस डोक्याला ताप

बॅगेच्या अस्तरात एनएफसी चिप शिवलेली होती, फोन टेकवला की अस्सल का नक्कल ते कळतं. घरी आल्या आल्या टेकवला, पेज उघडलं, हिरवी खूण. मी खूश, आणि मिरवायला तीच लिंक बहिणीला पाठवली. इथेच माती खाल्ली.

पाच मिनिटांत तिचा मेसेज, "अगं, लाल दाखवतंय, फसवलं तुला." मी माझं पेज रिफ्रेश केलं तर माझ्याकडेही लाल! कस्टमर केअरला लिहिलं, ते म्हणाले लिंक पाठवा. पाठवली. त्यांच्याकडेही लालच, मग उत्तर काय, तर "हे उत्पादन आमचं नसावं." अहो, बिल तुमचंच आहे ना! बिलाचा फोटो पाठवला, शिलाईचा पाठवला, दर वेळी नवीन माणूस आणि मी परत पहिल्यापासून रामायण सांगतेय. आठव्या दिवशी एकाने विचारलं, "ताई, बॅगला परत फोन टेकवून बघितलात का?" टेकवला. हिरवं!

तर भानगड अशी की एनटॅग ४२४ डीएनए सारख्या चिपा प्रत्येक वाचनाला आतला आकडा एकने वाढवतात आणि गुप्त किल्ली वापरून नवा कोड बनवून लिंकमध्ये घालतात. सर्व्हरला तोच आकडा परत दिसला की तो नाकारतो. नाहीतर एकच लिंक कॉपी करून हजार नकली बॅगांत टाकता आली असती, क्यूआर कोडचं तेच होतं, फोटो काढला की झाली नक्कल. म्हणजे लाल येणं बरोबरच होतं, पण पेजवर "पुन्हा टेकवा" एवढे दोन शब्द लिहायला काय जात होतं?

हां, अँड्रॉइडवर आधी सेटिंगमध्ये एनएफसी चालू करा. आयफोन एक्सएस आणि त्यापुढच्यांना चिप वाचायला ॲप लागत नाही, फक्त फोनची वरची कड टेकवा, अँटेना तिथे असतो. चिपला बॅटरी नसते, फोनकडूनच वीज घेते, त्यामुळे अगदी जवळ धरा. आणि वापरलेली बॅग घेताना अस्तर उसवून परत शिवलंय का बघाच, कारण हिरवी खूण चिपची असते, कातड्याची नाही.

बहिणीला तिच्याच फोनने टेकवून दाखवलं तेव्हा कुठे पटलं, तेही तिचं धातूचं कव्हर काढल्यावर.