टाकी कोणाची?

१८ सप्टेंबर, बेझिए, दक्षिण फ्रान्स

सकाळी फोजेरला जाऊन आले. डोंगरउतारावरचं गाव, जमीन सगळी शिस्टची, म्हणजे पापुद्र्यांच्या दगडाची. तिथल्या बागायतदाराने बांधावरचा एक दगड उचलून बोटांनीच सोलून दाखवला. दोन पापुद्र्यांच्या मधे बारीक मुळी, चपटी होऊन आत शिरलेली. ठिबक नाही, मांडव नाही, साधी तारही नाही. कारिन्याँची, म्हणजे वाइनच्या एका काळ्या वाणाची, जुनी, पिळवटलेली खोडं सुटी उभी आहेत. मणी इतके बारीक की आमच्या निफाडात व्यापारी गाडीतून खाली उतरला नसता. वाइनला मात्र हेच लागतं. रंग आणि बरीचशी चव सालीत असते. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

जमिनीलगत कलमाची गाठ हाताला लागली. खालचा खुंट अमेरिकन. १८६०च्या दशकात मुळं शोषणाऱ्या फिलॉक्सेराने इथल्या बागा वाळत गेल्या. मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशों यांनी १८६८मध्ये मुळांवरचा तो किडा ओळखला आणि पुढे त्याला तोंड देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. आमच्याकडचा डॉगरिज खुंटही मूळचा टेक्सासचा, फक्त आम्ही तो खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून लावला.

दुपारी मारोसाँला गेले, आणि खरं तर आज लिहायला बसले ती या गावासाठी. १९०१मध्ये इथल्या छोट्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली, पुढे वाइन करायचं सामाईक तळघर बांधलं आणि वाइन थेट पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना विकली. त्या काळात लांगदॉकमध्ये, म्हणजे या सगळ्या प्रांतात, भाव पार कोसळले होते. उत्पादन अफाट, त्यात साखर-पाणी घालून केलेली भेसळीची वाइन. १९०७मध्ये आर्जेलिए गावच्या मार्सेलँ आल्बेर या बागायतदाराच्या मागे सगळा दक्षिण भाग उठला. जूनमध्ये मोंपेलिएच्या रस्त्यांवर पाच लाखांच्या वर माणसं होती. नारबोनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली, आणि सतराव्या पलटणीच्या सैनिकांनी जवळच्या आग्दमध्ये बंड करून इथे बेझिएपर्यंत कूच केलं, कारण ती याच भागातली पोरं होती. त्याच महिन्यात भेसळीविरुद्ध कायदा झाला.

हे ऐकताना काकांची बाग डोळ्यांसमोर येत होती. वाइनच्या वाणाची दोन एकर. एका वर्षी वायनरीने माल उचलला नाही आणि त्यांनी बाग मुळासकट काढली. टेबलाची द्राक्षं पडून राहिली तर निदान बेदाणा होतो. वाइनची द्राक्षं कोणी खायला घेत नाही, आणि तोडल्यावर काही तासांत ती गाळायला लागतात. ज्याच्या हातात रस आंबवायची टाकी, त्याच्या हातात भाव. प्रवरेच्या काठी उसाच्या बाबतीत विठ्ठलराव विखे पाटलांनी नेमकं हे ओळखलं आणि १९५०च्या सुमारास शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा राहिला. वाइनच्या द्राक्षांच्या वाट्याला नाशकात उसाइतकं मोठं असं काही आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथल्या सहकारी तळघरांत सभासदाला वजन आणि द्राक्षातली साखर पाहून हप्त्याहप्त्याने पैसे मिळतात. अगदी आपली उसाची पहिली उचल, दुसरी उचल! निदान किती एकरांचा माल हमखास आला तर असं तळघर तग धरतं, ते उद्या विचारून घेणार आहे. काका नाही, पण चुलतभाऊ अजून बाग करतो.