दुधावर लक्ष

आमच्या घरी सकाळचं दूध तापवायची ड्युटी माझी. बायको शाळेत शिकवते, पावणेसातला बाहेर पडते, आणि चपला घालता घालता रोज एकच वाक्य, "अहो, दूध ठेवलंय, बघा." बघा म्हणजे खरंच नुसतं बघा, ढवळलं तर उत्तम, नाही ढवळलं तरी चालेल, फक्त वर आलं की गॅस बंद करायचा. एवढंसं काम गेल्या चार वर्षांत मी किती वेळा चुकवलंय त्याचा हिशेब नाही, आणि मी हिशेबाचंच काम करतो.

झालं असं की लॉकडाऊननंतर मी ऑफिसचा गाळा सोडला आणि घरूनच दुकानदारांचं जीएसटी, अकाउंट्स वगैरे बघायला लागलो. डायनिंग टेबलवर लॅपटॉप, ओटा तीन पावलांवर. त्यामुळे डोक्यात बसलंच की दूध तापेपर्यंत एक मेल बघून होतो. तो एक मेल उघडला की तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर कुणीतरी बिलाचा फोटो टाकतं, तो अर्धाच आलेला, तारखेचा भागच कापलेला, मग "तारीख दिसत नाहीये हो" एवढं टाइप करेपर्यंत मागून चर्रर्र आणि तो जळका वास. मग गॅस बंद, बर्नर काढा, ओटा पुसा, शेगडीच्या खालचं पुसा, आणि वीस मिनिटांनी लॅपटॉपसमोर येऊन बसलं की आठवत नाही आपण काय करत होतो. बिल कुणाचं होतं तेही.

मधे मी मिल्क कुकर पण आणला, तो दुहेरी भांड्याचा असतो ना, मधल्या पोकळीत पाणी भरायचं आणि शिट्टी वाजली की झालं. आठवडाभर मस्त चाललं. मग कानाला शिट्टीची सवय झाली, आणि एकदा तो वाजून वाजून गप्प झाला तरी मी क्रेडिट नोट शोधतच होतो, पाणी सगळं आटलेलं. तो आता माळ्यावर आहे.

लहानपणी आई म्हणायची, "दुधावर लक्ष ठेव रे, मी आलेच." आपल्याकडे लक्ष 'ठेवतात' हे मला आत्ता आत्ता जाणवायला लागलंय. किल्ली टीव्हीवर ठेवली की ती फ्रिजवर नसते, तसंच ते. दुधावर ठेवलेलं लक्ष मेलवर कुठून असणार. (लक्ष म्हणजे लाख पण, त्यामुळे आपल्याला वाटत असेल की आपल्याकडे भरपूर आहेत.)

पण दुधाचं निदान कळतं तरी, ओट्यावर दिसतं. माझ्या धंद्यात जे उतू जातं ते दिसत नाही. महिन्याच्या महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं असं असतं की १४ तारखेला पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे समोरच्या पार्टीने तुमच्या नावावर दाखवलेली बिलं, ती आपल्या खरेदीशी जुळवायची आणि २० च्या आत थ्री-बी, म्हणजे त्या महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं. आणि जुळवायला बसलं की फरक निघतो. आता अकाउंट्सवाल्यांची एक जुनी युक्ती आहे, फरकाला ९ ने भागून बघायचं. निःशेष भाग गेला तर बहुतेक कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. म्हणजे ५,४८० च्या जागी ४,५८० टाकलं तर फरक ९००, आणि ९०० ला ९ ने भाग जातो. शेजारचे कुठलेही दोन आकडे उलटेसुलटे करा, नऊ सुटत नाही.

आणि हे असं उलटं आपल्याकडे जास्त पडत असावं असा माझा आपला अंदाज, कारण मराठीत आकडा उलटाच बोलतात. दुकानदार फोनवर सांगतो "चोपन्नशे ऐंशी", त्यातले चार आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून. मग ते चार तेवढा वेळ डोक्यात धरून ठेवावे लागतात, शाळेत हातचा घ्यायचो तसे, आणि पन्नास आले की पाच आधी लिहून मग चार. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं आणि रोज होतं. पण त्याच अर्ध्या सेकंदात लॅपटॉपवर टिंग वाजलं की हातचा सांडला. बोटं ऐकलं तसं चार-पाच टाइप करून मोकळी. मी एकदा चिडून जुन्या महिन्याच्या चुका काढल्या आणि त्या त्या एन्ट्रीच्या वेळचे फोन बघितले, तर बऱ्याच नऊच्या फरकांच्या आगेमागे कुणाचा ना कुणाचा कॉल होता. एक तर माझाच होता, मीच केलेला, गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी.

हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग मी कशी करते? एका शेगडीवर कुकर, दुसरीवर भाजी, तिसरीवर पोळ्या आणि शेजारी उभी राहून पोरगी पाढे म्हणतेय. मुद्दा बरोबर होता म्हणून मी रविवारी स्टूल घेऊन नीट बघत बसलो. तर भाजीवर झाकण, तिला कुणाची गरज नाही. पोळ्या हाताला इतक्या पाठ की डोकं लागतच नाही. डोकं फक्त एकोणीसच्या पाढ्यात होतं. आणि कुकर? तिथेच तर गंमत, कारण शिट्ट्या मोजणं हे डोक्याचं काम आहे, आणि तीन झाल्या की चार यावर आमच्या घरात आजपर्यंत एकमत झालेलं नाही. हा शोध मी तिला लगेच सांगितला. तिने माझ्यापुढे कोथिंबिरीची जुडी ठेवली.

सोफी लरॉय म्हणून एक संशोधक आहेत, त्यांचा २००९ चा एक पेपर आहे, त्यात या प्रकाराला 'अटेन्शन रेसिड्यू' म्हटलंय. एक काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं की पहिल्याचा थोडा अंश डोक्यात चिकटून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे मार खातं. वाचल्या वाचल्या मला वाटलं, ही तर खरवड! दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं तरी पातेल्याच्या बुडाला जी राहते ती. त्याच पातेल्यात लगेच चहा ठेवला तर चहाला कसा वास लागेल, तसं माझ्या दुपारच्या पार्टीला सकाळच्या पार्टीचा वास लागतो.

भाच्याने टोमॅटोवालं टायमर सुचवलं होतं. इटलीतल्या फ्रांचेस्को चिरिल्लोने १९८० च्या दशकाच्या शेवटी काढलेली पद्धत, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून नाव पोमोडोरो, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी. माझं नाही जमलं. २५ मिनिटांत एका दुकानाची बिलं संपत नाहीत आणि मधेच ते वाजलं की परत हातचा सांडतो. शेवटी साधंच केलं, एका दुकानाची फाईल उघडली की ती जुळेपर्यंत दुसरी नाही, आणि तोवर फोन बाहेर चपलांच्या स्टँडवर. सगळ्यांना सांगून टाकलं की फोन दुपारी एकला आणि पाचनंतर. दोघं रागावले, त्यातल्या एकाने "साहेब आता फार मोठे झालेत" म्हणून दुसरीकडे काम दिलं. ते लागलं थोडं, खोटं कशाला बोलू. पण आधी १९ तारखेला रात्री दोनपर्यंत बसायचो, गेले तीन महिने १८ लाच मोकळा होतोय. नऊवाले फरक अजून निघतात, पण एखाददुसरा.

आणि सकाळी दुधाजवळ नुसता उभा राहतो. पहिले काही दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा, रिकाम्या. आमच्या छोट्या बर्नरवर लिटरभर दुधाला पंधरा मिनिटं लागतात, आणि काहीच न करता ती पंधरा मिनिटं फार लांब असतात हो. मग हळूहळू दिसायला लागलं की आधी कडेकडेने मोत्यांसारखे बारीक बुडबुडे येतात, मग वर पातळ साय धरते, ती सुरकुतते, मग मधोमध फुगते. पाण्याचे बुडबुडे येतात आणि फुटतात, दुधातले प्रोटीनमुळे टिकतात, एकावर एक चढतात, वर सायीचं झाकण, खाली वाफ, म्हणून ते एवढं झपकन उठतं. आता फुगायच्या आधीचा वास मला कळतो. उभाच आहे म्हणून पळीने ढवळत पण असतो.

पण त्याने एक घोटाळा झालाय. ढवळलेलं दूध बुडाला धरत नाही, त्यामुळे खरवड येत नाही, आणि आमच्या पोरीला ती साखर घालून चमच्याने खरवडून खायला लागते. तिने दोन-तीन दिवस रिकामं पातेलं बघितलं आणि आईकडे तक्रार केली की बाबा हल्ली नीट दूध तापवत नाहीत. तेव्हा असं ठरलंय की रविवारी मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही, पेपर घेऊन गॅलरीत बसायचं.