लोविनातले १७९ दिवस

बालीत स्वस्तात राहता येतं का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या बालीत? विमानतळ दक्षिणेला आहे आणि बहुतेक लोक तिथून तासाभराच्या अंतरातच अडकतात. दक्षिणेतल्याच चांगूत आम्ही तीन रात्री काढल्या. दोन किलोमीटर जायला पाऊण तास लागला, आणि घरभाड्याचे आकडे ऐकून बायको म्हणाली, "एवढेच द्यायचे तर घर सोडून आलोच कशाला?" चौथ्या दिवशी गाडी करून आम्ही डोंगर ओलांडला.

बेदुगुलच्या घाटात धुकं आणि स्वेटरची थंडी, ब्रातान तळ्याकाठी दहा मिनिटांचा थांबा, मग वळणावळणांनी खाली, आणि एकदम उत्तरेचा समुद्र. विमानतळापासून अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, पण वेळ तीन तास धराच. बेटावर रेल्वे नाही. लोविना हे खरं तर एका गावाचं नाव नाही. सिंगराजा शहराच्या पश्चिमेला समुद्राकाठी एकमेकांना चिकटलेल्या गावांना मिळून ते नाव पडलंय. वाळू काळी आहे. पांढऱ्या वाळूचे फोटो डोक्यात असतील तर पहिल्या दिवशी मन खट्टू होतं, आमचंही झालं. तीच काळी वाळू आणि तोच तीन तासांचा घाट यांमुळे इथली भाडी खाली राहिलीत, हे समजायला आठवडा गेला.

आधी व्हिसा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून. भारतीय पासपोर्टवर विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, ५ लाख रुपियांचा (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन), आणि एकदाच आणखी ३० दिवस वाढतो. राहून बघायचं असेल तर तो पुरत नाही. आम्ही सी-१ नावाचा पर्यटक व्हिसा घेऊन गेलो: ६० दिवसांचा, दोनदा वाढवून १८० दिवसांपर्यंत नेता येतो. यात काम करता येत नाही, लॅपटॉपवरून पगार कमावणाऱ्यांनीही हा पळवाटेसारखा वापरू नये. त्यांच्यासाठी ई-३३-जी नावाचा वेगळा प्रकार आहे, पण त्याला वर्षाला ६०,००० डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं. एवढं कमावणारा माणूस स्वस्त बेट कशाला शोधेल, हा माझा भाबडा प्रश्न.

दिवस मोजताना आम्ही थोडक्यात वाचलो. उतरल्याचा दिवस हा पहिला दिवस धरतात. आम्ही १२ जानेवारी २०२५ ला उतरलो, म्हणजे साठावा दिवस १२ मार्च. मी वहीत १३ लिहून ठेवला होता. मुदतवाढीची कागदपत्रं बघणाऱ्या एजंटलाही ते दिसलं नाही. बायकोने कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं म्हणून कळलं. मुदत संपल्यावर राहिलात तर माणशी दिवसाला १० लाख रुपिया दंड आहे. शिवाय सुट्ट्यांचं कॅलेंडर बघा. त्या वर्षी न्येपी (बालीचं नवं वर्ष) आणि ईद लागून आल्याने २८ मार्च ते ७ एप्रिल सरकारी कचेऱ्या जवळपास बंदच होत्या. अशा आठवड्यात मुदत संपणार असेल तर महिनाभर आधी अर्ज टाका. फोटो आणि ठशांसाठी स्वतः जावं लागतं. सिंगराजात इमिग्रेशनची कचेरी आहे, देनपसारला धावायची गरज नाही. हाफपँट आणि चपलेत जाऊ नका.

घर इंटरनेटवरून महिन्याचे पैसे भरून ठरवू नका. आम्ही दहा दिवस होमस्टेत राहिलो आणि रोज सकाळी स्कूटरवरून गल्ल्या फिरलो. पाट्या दोन प्रकारच्या दिसतात. 'दिकोन्त्राकान' म्हणजे वर्षाचा करार, आणि वर्षाचं भाडं बहुधा आगाऊ. 'कोस' म्हणजे महिन्याने मिळणारी खोली. आम्हाला या दोन्हींच्या मधलं हवं होतं. ते पाटीवर मिळत नाही, चहा पिता पिता मिळतं. मुख्य रस्त्यापासून चारशे मीटर आत दोन खोल्या, ओटा, मागे आंबा, महिना ४५ लाख रुपिया. सहा महिन्यांचे तीन हप्ते करून दिले. समुद्र दिसत नव्हता, तो दिसला असता तर भाडं दुप्पट झालं असतं. रात्री एकदा जाऊन कोंबडे, मशिदीचा भोंगा आणि शेजारचं कॅराओके यांचा अंदाज घ्यावा. कोंबड्यांचा अंदाज आमचा चुकला.

विकत घ्यायचा मोह झालाच तर एवढं लक्षात ठेवा की परदेशी माणसाच्या नावावर इथे पूर्ण मालकीची जमीन होत नाही. ओळखीच्या स्थानिकाच्या नावावर घेऊन ठेवा, असं सांगणारे भेटतात. त्यांच्याबरोबर चहा प्या आणि उठा.

आता मीटरची गोष्ट. वीज बहुतेक घरांत आगाऊ भरायची असते. दुकानातून किंवा ॲपवर टोकन घ्यायचं, वीस आकडे मिळतात, ते भिंतीवरच्या मीटरच्या बटणांवर दाबायचे. शिल्लक संपत आली की मीटर पीं-पीं करायला लागतो, आणि थांबत नाही. आमचा पहिल्यांदा रात्री दोनला सुरू झाला. चष्मा सापडेना, टॉर्च दातात धरून मी वीस आकडे दाबले, सतरावा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. शेजारची आजी कुंपणापाशी येऊन हसत होती. तिनेच दुसऱ्या दिवशी शिकवलं की १ लाखाचं टोकन नेहमी घरात आधीच घेऊन ठेवायचं. तेवढ्यात साठ-पासष्ट युनिट येतात. घर घेताना मीटर किती व्हीएचा, म्हणजे एका वेळी किती भार पेलणारा, ते विचारा. आमचा १३०० चा होता. एसी चालू असताना इस्त्री लावली की घर काळोखात. एसी फक्त रात्री लावला तर महिन्याची वीज ४ लाखांत भागली. गॅसची हिरवी तीन किलोची टाकी अनुदानाची, गरीब घरांसाठीची असते. आपण गुलाबी साडेपाच किलोची घ्यायची. पिण्याचं पाणी १९ लिटरच्या 'गालोन'मध्ये येतं. नळाचं पिऊ नका.

बाजार सिंगराजाच्या बन्युआस्रीत, सकाळी सहाला. भाव सांगताना हजार गिळून टाकतात. 'लिमा बलास' म्हणजे पंधरा, म्हणजे पंधरा हजार. पहिल्या दिवशी मी पंधराशे समजून दोन हजारांची राखाडी नोट पुढे केली, आणि भाजीवाली इबू (बाई) एवढी हसली की शेजारच्या तिघी बघायला आल्या. पण आकडे पाठ झाल्यावर भाव आपोआप उतरले, ही अनुभवाची गोष्ट. भाषा आपल्याला परकी वाटत नाही: काच म्हणजे 'काचा', डोकं म्हणजे 'कपाला', नाव म्हणजे 'नामा', नवरा म्हणजे 'सुआमी'. शेवटचा शब्द कळल्यावर मी घरी थोडे दिवस भाव खाल्ला.

शाकाहारींनी एक वाक्य पाठ करावं: 'तानपा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय. तेरासी म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण, ते मिरचीच्या सांबाल चटणीत आणि निव्वळ भाजीसारख्या दिसणाऱ्या पदार्थांतही असतं. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू भरपूर आणि स्वस्त. बाहेर रोज परदेशी पद्धतीचा नाश्ता कराल तर बजेट तिथेच बुडालं.

दोघांचा महिन्याचा हिशोब भाडं, वीज, पाणी-गॅस, स्कूटर (९ लाख), किराणा आणि थोडं बाहेरचं खाणं, फोन, किरकोळ असं धरून १ कोटी १२ लाख रुपियांच्या आसपास आला. तेव्हाच्या दराने आपले साठ हजारांच्या आत-बाहेर. यात व्हिसा, विमान आणि विमा नाही. हेच एकेका आठवड्याने राहणाऱ्याला दुपटीत जातं. स्कूटरसाठी दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना न्याच. तो नसताना पडलात तर विमा कंपनी हात वर करते.

आजारपणाबाबत मी हातचं राखून सांगणार नाही. साधं दुखणं सिंगराजात भागतं, मोठं काही झालं की तोच तीन तासांचा घाट उलटा चढायचा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी उत्तरेला घर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बालीत २००८ पासून रेबीज आहे आणि गल्लीत कुत्री मोकळी असतात. बायकोच्या पोटरीला एकाने मेमध्ये दात लावले. पंधरा मिनिटं साबणाने धुतलं, तासाभरात लस मिळाली, पण पुढचे डोस संपेपर्यंत आमची झोप गेली. निघण्यापूर्वीच प्रतिबंधक लस घेऊन जा.

मार्च गाठता आला तर गाठा. न्येपी हे तिथलं शक संवत्सराचं नवं वर्ष. २०२५ ला ते २९ मार्चला आलं, आपला पाडवा ३० ला, आणि शक दोन्हीकडे १९४७. फक्त साजरं करणं अगदी उलट: दिवे नाहीत, बाहेर पडायचं नाही, मोबाइलचं इंटरनेट बंद, विमानतळसुद्धा २४ तास बंद. आदल्या रात्री ओगो-ओगो नावाचे अक्राळविक्राळ पुतळे नाचवून रस्ते दणाणून सोडतात, आणि सकाळी एकही स्कूटर नाही. आम्ही ओट्यावर बसून होतो. चारशे मीटरवरची लाट त्या दिवशी पहिल्यांदा घरात ऐकू आली. किराणा आणि वीज दोन्ही आदल्या दिवशी भरून ठेवा, मीटर त्या दिवशी ओरडला तर सोय नाही.

९ जुलैला निघालो. निघायच्या महिन्यात टोकन छोटं घेत जा, उरलेले युनिट परत मिळत नाहीत. आमचे ८३ राहिले. मालकिणीला सांगितलं तेव्हा तिने आधी मीटर बघून खात्री केली, आणि मग आंब्याची पिशवी आणून दिली.