आधी टोकियो, मग व्हॅलेन्सिया

टोकियोत निशी कासाई स्टेशनच्या बाहेर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलं की कुठूनतरी मराठी कानावर पडतंच, त्यामुळे आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा परदेशात आलोय असं सुरुवातीला नीट वाटलंच नाही. २००० च्या आसपास वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना संगणकांतल्या तारखा बिघडतील या भीतीच्या, निमित्ताने आपले आयटीवाले टोकियोत यायला लागले, निशी कासाईहून तोझाई लाईनची एकच गाडी पकडली की ओतेमाची, निहोनबाशीकडची बँकांची ऑफिसं गाठता येतात, शिवाय इथे यूआरची म्हणजे निमसरकारी भाड्याची घरं भरपूर, म्हणून मंडळी इथेच एकवटली. यूआर हा फार मोठा आधार आहे हे नव्याने जाणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. खाजगी मालकाकडे गेलात तर डिपॉझिट, त्यावर रेइकिन म्हणजे मालकाला द्यायचे आणि कधीच परत न मिळणारे पैसे, एजंटची फी, गॅरंटर कंपनीची फी, आणि एवढं सगळं द्यायची तयारी असूनही परदेशी भाडेकरू नको म्हणून नकार येऊ शकतो. यूआरला डिपॉझिट भरलं की झालं. २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डातून योगेंद्र पुराणिक निवडून आले, भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडणूक जिंकला आणि तो मराठी, याचा आनंद आमच्या सगळ्या ग्रुपवर कितीतरी दिवस चालू होता.

नंतर नवऱ्याची नोकरी स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला लागली आणि आम्ही तिघं तिकडे गेलो. आता ओळखीतलं कुणीतरी विचारतं, दोन्हीकडे राहिलीस ना, मग आम्ही कुठे जावं. पगार, टॅक्स, व्हिसा हे सगळं नेटवर मिळतं. मला जो फरक रोज जाणवला तो वेगळाच आहे. जपानमध्ये कुणाला काही विचारायची वेळच येत नाही आणि स्पेनमध्ये विचारल्याशिवाय पान हलत नाही.

कचऱ्याचंच घ्या. निशी कासाईत वॉर्ड ऑफिसला पत्ता नोंदवला की कचऱ्याचं माहितीपत्रक मिळतं, चित्रांसकट, जळणारा कचरा कुठल्या वारी, प्लॅस्टिक कुठल्या वारी, बाटल्या-डबे कधी, सकाळी आठच्या आत ठेवायचा, जुनी खुर्ची टाकायची तर आधी नोंदणी करून दुकानातून स्टिकर विकत आणून चिकटवायचं. ते एकदा वाचलं की तुमचं तुम्ही चालू. वॉर्ड ऑफिसमध्येसुद्धा भरलेल्या फॉर्मचा नमुना टेबलावर ठेवलेला असतो, नंबर घ्यायचा, बसायचं, नंबर लागला की काम करून निघायचं. स्टेशनवर रांगेच्या रेषा जमिनीवरच आखलेल्या. परक्या माणसाला, ज्याला भाषा येत नाही, त्याला हे सगळं केवढं सोपं पडतं! मला जपानी अगदी कामापुरतंच यायचं, तरी माझं कुठे अडलं नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की काही वर्षं राहूनसुद्धा समोरच्या दारातल्या बाईंशी माझं बोलणं मान लववून गुड मॉर्निंग म्हणण्यापलीकडे गेलं नाही, कारण बोलायला काही कारणच पडलं नाही. त्या वाईट होत्या असं अजिबात नाही. एकदा माझा वाळत घातलेला टॉवेल उडून त्यांच्याकडे गेला तर त्यांनी तो घडी घालून, पिशवीत घालून माझ्या दाराच्या हँडलला अडकवून ठेवला होता, बेल न वाजवता.

व्हॅलेन्सियात आमचं घर रुसाफा भागात आहे, मार्केटजवळ. मार्केटमध्ये मासळीवाल्याकडे, भाजीवाल्याकडे, फार्मसीत, दवाखान्यात, कुठेच रांग दिसत नाही, लोक इकडे तिकडे उभे, कुणी गप्पा मारतंय, कुणी बाकावर बसलंय. आत शिरलं की मोठ्याने विचारायचं, क्येन एस एल उल्तिमो, म्हणजे शेवटचा कोण. कुणीतरी हात वर करतं, तुम्ही त्याच्या मागे, आणि तुमच्यानंतर जो येऊन विचारेल त्याला तुम्ही हात वर करून दाखवायचं. टोकियोहून आल्यावर मला हे जड गेलं, भर मार्केटमध्ये तोंड उघडून विचारायचं म्हणजे घसाच कोरडा पडायचा, पण विचारलं की समोरचे आजोबा नुसता हात वर करून थांबायचे नाहीत, कुठल्या देशाची, मुलगी किती वर्षांची, तुमच्याकडे भातात काय घालतात, वांगं असं निवडू नकोस तसं निवड, सगळं सुरू व्हायचं. माझं निम्मं स्पॅनिश त्या मार्केटात झालंय.

कागदपत्रांचंही तेच. स्पेनमध्ये पोहोचल्यावर आधी महापालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला एम्पाद्रोनामिएन्तो म्हणतात, मग परदेशी माणसाचं कार्ड, त्यासाठी पोलिसांकडे बोटांचे ठसे, आणि या प्रत्येकासाठी सीता प्रेविया म्हणजे ऑनलाइन अपॉइंटमेंट, जी साइटवर दिसतच नाही, दिसली तर दोन मिनिटांत संपते. फी वेगळ्या फॉर्मवर बँकेत भरायची. कुठला कागद मागतील ते एका खिडकीवर एक सांगतात आणि दुसऱ्या खिडकीवर दुसरं. ह्यात काही गोड नाही, माणसांचे महिनेच्या महिने यात जातात आणि ज्यांच्याकडे वेळ किंवा पैसा नाही त्यांचे फार हाल होतात, याबाबतीत स्पेनची बाजू घ्यायला मी तयार नाही. आमचं काम झालं ते खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे, त्यांनी त्यांच्या भाच्याला विचारलं, भाच्याने त्याच्या खेस्तोरला विचारलं. खेस्तोर म्हणजे फी घेऊन अशी कामं करून देणारा माणूस.

घरी फोन करायचं गणित दोन्हीकडे गमतीशीर आहे. टोकियो भारताच्या साडेतीन तास पुढे आणि उन्हाळ्यात स्पेन बरोबर साडेतीन तास मागे. टोकियोत मी रात्री नऊला घरी यायचे तेव्हा साताऱ्यात साडेपाच, आईची चहाची वेळ, आई निवांत आणि मी पार पेंगुळलेली. आता व्हॅलेन्सियातून पाचला फोन केला तर तिकडे साडेआठ, आई जेवून मालिका लावून बसलेली आणि आमचा अख्खा दिवस अजून पडलेला. टोकियोत जूनमध्ये साडेचारच्या आतच सूर्य उगवतो आणि सातला अंधार व्हायला लागतो, इथे जूनमध्ये साडेनऊपर्यंत लख्ख उजेड. स्पेनने १९४० मध्ये घड्याळ जर्मनीच्या वेळेला लावलं ते अजून तसंच आहे, त्यामुळे सूर्य आणि घड्याळ यांचा मेळच नाही. म्हणून रात्री दहाला चौकात मुलं फुटबॉल खेळतायत, आजी-आजोबा बाकांवर बसलेत, आईबाप बाजूला टेबलाशी. माझी लेक टोकियोत सहाव्या वर्षी दप्तराला पिवळं कव्हर लावून, मैत्रिणींबरोबर स्वतःची शाळेत चालत जायची, सोबत कुणी मोठं माणूस नाही. इथे शाळा सुटली की मोठ्या माणसाच्या हातातच मूल देतात, पण तीच मुलं रात्री साडेदहापर्यंत चौकात. तिला दोन्ही आवडलं. मला तिचं ते एकटीचं चालत जाणं फार आवडायचं, ते स्पेनमध्ये आल्यावर गेलं याचं वाईट वाटतं.

खाण्याबद्दल थोडक्यात. आम्ही शाकाहारी. जपानमध्ये वरवर शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थातही दाशी असतो, म्हणजे बहुतेक वेळा माशाचं पाणी, आणि स्पेनमध्ये भाजीतसुद्धा हामोनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे. मांस नको म्हटलं तर ट्यूना घालून देतात. घरी मात्र दोन्हीकडे उत्तम चाललं. जपानी तांदूळ इंद्रायणीच्या जवळ जातो, वरणभाताला छान लागतो. व्हॅलेन्सियात आल्बुफेराच्या शेतांतला बोम्बा तांदूळ मिळतो, तो पाएया या इथल्या भाताच्या पदार्थासाठीच, पाणी पितो पण मोकळा राहतो, मसालेभात त्याचा झकास होतो. निशी कासाईत मेथी, कढीपत्ता, चण्याची डाळ सगळं चालत जाऊन मिळायचं. इथे चण्याची डाळ पाकिस्तानी दुकानातून आणते, गूळ मात्र सुपरमार्केटमध्ये पानेला नावाने मिळतो.

त्या गुळाच्या पुरणपोळ्या आमच्या जिन्यात पोचल्या त्या फायास या इथल्या सणामुळे. मार्चमध्ये १ ते १९ तारखेपर्यंत इथे रोज दुपारी दोनला महापालिकेच्या चौकात फटाक्यांची माळ लागते, मास्क्लेता म्हणतात, पायाखालची जमीन थरथरते, आणि १९ च्या रात्री चौकाचौकात उभारलेले प्रचंड पुतळे पेटवतात. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला सण आहे. २०२५ ला आपली होळी १३ मार्चला आली, बरोबर मधोमध. मी पोळ्या केल्या आणि आमच्याकडेही या दिवसांत जाळतात असं सांगत घरोघर दिल्या. ज्या यूआरच्या इमारतीत मुलांच्या पायांचा आवाज होऊ देऊ नका अशी सूचना लिफ्टपाशी लावलेली असायची तिथून आलेली माझी लेक त्या रात्री रस्त्यावर लवंगी फटाके फेकत होती!

पण व्हॅलेन्सियाबद्दल लिहायचं आणि २९ ऑक्टोबर २०२४ चा पूर सोडून द्यायचा हे होणार नाही. हे शहर आणि टोकियोचा तो भाग, दोन्ही खणलेल्या नद्यांच्या जिवावर उभे आहेत. निशी कासाईच्या पश्चिमेची अराकावा ही १९१० च्या पुरानंतर माणसांनी खणलेली नदी, १९३० ला काम पुरं झालं. इथे १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून दक्षिणेला वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली, आम्ही रोज तिथे फिरायला जातो. एदोगावा वॉर्डाची ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ ला घरोघर पूर-नकाशा वाटला, त्यावर स्पष्ट लिहिलेलं की इथे थांबू नका, दुसरीकडे जा. त्याच ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आलं तेव्हा आदल्या दिवशीच रेल्वे बंद होणार हे जाहीर झालं, फोनवर अलर्ट, आसऱ्यासाठी शाळा उघडल्या, आम्हीही बॅगा उचलून शाळेत जाऊन बसलो. कुणाला फोन करावा लागला नाही.

इथे त्या दिवशी शहरात पाऊस जवळजवळ नव्हताच. पाणी वरून, पोयोच्या ओढ्यातून आलं आणि पायपोर्ता, कातारोखा अशी नव्या पात्राच्या दक्षिणेकडची गावं बुडाली. फोनवर अलर्ट वाजला तो रात्री आठ वाजून गेल्यावर, तोवर तिथे रस्त्यात गाड्या तरंगत होत्या. सव्वादोनशेच्या वर माणसं गेली. टोकियोत राहून आलेल्या मला तो राग अजून आवरत नाही, कारण वेळेवर सांगितलं तर काय होतं ते मी स्वतः बघितलंय. आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी दार वाजलं, वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा विचारत होता, तुमच्याकडे जास्तीचा झाडू आहे का. त्या दिवशी हजारो लोक झाडू, फावडी, पाण्याचे कॅन घेऊन नदीवरच्या पादचारी पुलावरून चालत पलीकडच्या गावांत गेले, कुणी बोलावलं नव्हतं. नवरा आणि मी आळीपाळीने गेलो, एक जण लेकीपाशी. पायपोर्तात एका बाईंच्या घरातून गुडघाभर चिखल बादल्यांनी काढला, त्यांनी आमची नावं विचारली, आणि मग दुसऱ्या बादलीवाल्याला आमच्याबद्दल सांगू लागल्या, हे भारतातले, रुसाफाहून आलेत.

त्यानंतर जिन्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजींनी विचारलं, जपानमध्ये तुम्ही घरात काय तयार ठेवायचात. मी आमची जुनी टोकियोची बॅग खाली नेऊन दाखवली, माणशी तीन दिवसांचं पाणी, टॉर्च, शिट्टी, रेडिओ, औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स, सुटे पैसे. आता आमच्या इमारतीत बहुतेक घरांत अशी बॅग आहे, तळमजल्यावरच्यांनी पाणी चढलं तर कुणाच्या घरात यायचं तेही ठरलंय, आणि गॅरेजमधून गाडी काढायला अजिबात उतरायचं नाही हे मोठ्या अक्षरात लिहून लिफ्टपाशी लावलंय. लेकीच्या वर्गातही हे सांगायला मला बोलावलंय. ती म्हणते भूकंपात टेबलाखाली कसं शिरायचं ते मी करून दाखवते, पण इथे ते नको, इथे वरच्या मजल्यावर कसं आणि कधी जायचं ते शिकवायचंय, सध्या ते स्पॅनिशमध्ये आणि वॅलेन्सियानो या इथल्या भाषेमध्ये लिहून काढतेय.