27015 वरचा शनिवार

शनिवारी दुकानाचं शटर ओढून घरी आलो, जेवण झालं, की मी काउंटर-स्ट्राइक 1.6 हा जुना, ऑनलाइन खेळायचा नेमबाजीचा गेम लावतो. सर्व्हर, म्हणजे सगळे ज्याला जोडून एकत्र खेळतात ते मशीन, माझाच आहे, वीस जणांचा. आधी सांगलीतच घरच्या जुन्या पीसीवर चालायचा. मग इंटरनेटवाल्याने न विचारता मला सामाईक आयपीवर टाकलं आणि बाहेरून कुणालाच जोडता येईना. तेव्हापासून मुंबईतलं मशीन भाड्याने घेतलंय. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यातला दाराचा नंबर, मात्र जुनाच, 27015.

स्टीम म्हणजे व्हॉल्व या काउंटर-स्ट्राइकवाल्या कंपनीचं गेम विकणारं आणि आपोआप अपडेट करणारं सॉफ्टवेअर. त्याने माझ्यासारख्या लोकांनी चालवलेले सर्व्हर मारले, असं जुने खेळाडू म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

स्टीम आलं सप्टेंबर 2003 मध्ये. त्याआधी कॅफेत आम्ही याच गेमची 1.5 ही आवृत्ती खेळायचो. एका मशीनवर नवा पॅच, दुसऱ्यावर जुना, की ते मशीन जोडायचंच नाही. मालक सीडी घेऊन खुर्चीखुर्चीपाशी फिरायचा. पुढे घरी ब्रॉडबँड आलं, स्टीम आलं आणि ही कटकट संपली. शिवाय प्रत्येक खात्याला आपला असा एक आकडा असतो. बंदी नावावर नाही, त्या आकड्यावर घालायची. नाव बदलून परत आला तरी माणूस ओळखता येतो. माझ्या अ‍ॅडमिनच्या फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हर सांभाळायचा अधिकार दिलेल्यांच्या यादीत, आज सात ओळी आहेत. तिसरी ओळ मिरजेच्या एका मुलाची. दहावीत असताना यायचा, आता बंगळुरूत नोकरी करतो. टोपणनाव दरवर्षी नवं, आकडा तोच, आणि मला अजून दादाच म्हणतो.

आणि ती चालू सर्व्हरांची यादी! सर्व्हर ब्राउझर उघडायचा, लेटन्सीच्या रकान्यावर क्लिक करायचं, की कमी पिंगवाले, म्हणजे झटपट प्रतिसाद देणारे सर्व्हर वर येतात. नाव, नकाशा, किती जण आत आहेत, सगळं समोर. माझ्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक अनोळखी माणूस त्या यादीतून आलाय. जुनी मंडळी लग्न, नोकरी, मुलंबाळं यांत गुंततातच. नवा माणूस येत राहिला तरच सर्व्हर टिकतो.

घाव बसला तो इथे. व्हॉल्वच्याच टीम फोर्ट्रेस 2 या दुसऱ्या गेममध्ये 2011 ला ‘क्विकप्ले’चं बटण आलं. ते दाबलं की गेमच सर्व्हर निवडून आत नेतो. सुरुवातीला ते लोकांच्या सर्व्हरवरही खेळाडू पाठवायचं. 2014 मध्ये व्हॉल्वचे स्वतःचे सर्व्हर हीच आपोआप होणारी निवड झाली आणि जुलै 2016 मध्ये क्विकप्लेच्या जागी ‘कॅज्युअल’ आलं, तेही कंपनीच्याच सर्व्हरवर. यादी होती तिथेच राहिली, पण गेम उघडताच मोठं बटण समोर असेल तर नवखा माणूस यादीपर्यंत जाईल कशाला? वर्षानुवर्षं भरलेले सर्व्हर असेच ओस पडले.

कंपनीची बाजूही मांडायला हवी. आमच्यातल्याच काहींनी आत येताच जाहिराती दाखवल्या, रिकामा सर्व्हर भरलेला दिसावा म्हणून खोटे खेळाडू दाखवले, पैसे देणाऱ्याला जास्त ताकद दिली. पहिल्याच दिवशी अशा ठिकाणी अडकलेला पोरगा पुन्हा यादी उघडणार नाही. याचा मला बटणापेक्षा जास्त राग आहे.

2023 मध्ये काउंटर-स्ट्राइक 2 आलं ते सीएस:गो या आधीच्या काउंटर-स्ट्राइकच्या जागीच. इंजिन, म्हणजे गेमचा सॉफ्टवेअरचा पायाच बदलला, त्यामुळे सर्फवाल्यांनी (उतारांवरून घसरत जायचा खेळ चालवणाऱ्यांनी) वर्षानुवर्षं रचलेले प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, नव्या गेममध्ये चालेनात. 1.6 मात्र जागेवर आहे. त्याचा सर्व्हर प्रोग्रॅम आजही स्टीमवरून फुकट उतरवता येतो, खात्यात लॉगिनही करावं लागत नाही. म्हणून मी आहे. ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम 31 मार्च 2024 ला बंद झाला, तेव्हा पैसे मोजून घेतलेल्यांच्या हातात काहीच उरलं नाही, कारण सर्व्हर कधी त्यांच्याकडे नव्हताच. गेम विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने त्याच्या पानावर ठळक लिहावं: सर्व्हर तुम्हाला चालवता येतो की नाही. मी गेम घेताना आधी तेच शोधतो.

गेल्या शनिवारी अकरा जण होते. इन्फर्नो हा नकाशा चालू होता. साडेअकराच्या सुमारास एक अनोळखी नाव आत आलं, दोन राउंड गप्प खेळलं आणि मग चॅटमध्ये रोमन अक्षरांत विचारलं, ‘इथे सगळे मराठी आहेत का?’ मिरजेच्या पोराने लगेच उत्तर दिलं, ‘हो, ये आमच्या टीममध्ये, एक जागा आहे.’