सिगरेट डाव्या हातात गेलीच नाही

कॅलिफोर्नियात सोशल वर्कच्या मुलांना कम्युनिटी ऑर्गनायझिंग, म्हणजे वस्तीतल्या लोकांची संघटना बांधणं, शिकवायला लागले तेव्हा पहिल्या वर्षी माझं चुकलंच. डेलानोच्या द्राक्षमजुरांचा संप, १९६६चा सॅक्रामेंटोपर्यंतचा पायी मोर्चा, त्यांचा नेता सेझार चावेझचं २५ दिवसांचं उपोषण, सगळं धडाधड स्लाइडवर. मुलं भारावली आणि असाइनमेंटमध्ये जवळपास प्रत्येकाने मोर्चा काढला. कुणाला घेऊन, ते कुणीच लिहिलं नाही.

आता मी १९५२पासून सुरू करते. सॅन होजेची साल सी प्वेदेस नावाची वस्ती, म्हणजे 'जमलं तर सटक इथून'. तिथे फ्रेड रॉस नावाचा गोरा माणूस, वस्त्यांमध्ये संघटना बांधणारा, चावेझला शोधत येतो आणि चावेझ समोर भावाच्या घरी जाऊन बसतो, कारण युनिव्हर्सिटीतली माणसं यायची, तुम्ही कसे राहता काय खाता विचारून वह्या भरून निघून जायची आणि वस्ती होती तिथेच. शेवटी बैठक ठरली. चावेझने दांडगे मित्र बोलावले, बिअर आणली, इशारा ठरला, मी सिगरेट उजव्या हातातून डाव्या हातात घेतली की याला हाकलायचं. पण रॉस बोलत राहिला, लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन पोरांना मारहाण करणाऱ्या पोलिसांना त्याच्या संघटनेने कसं जेलपर्यंत नेलं वगैरे, आणि सिगरेट काही हात बदलेना.

इथे मी थांबते आणि विचारते, या गोष्टीत तुम्ही कोण? वर्ग गप्प. वही घेऊन येणारे आपणच ना!

रॉसची पद्धत हाऊस मीटिंगची. आपला 'बैठक' हा शब्द तिला चपखल बसतो, कुणाच्या तरी घरी थोडी माणसं, ऐकणं जास्त, आणि उठायच्या आधी ठरवायचं की पुढची कुणाकडे. चावेझ रॉसच्याच संघटनेत शिरला, आणि १९६२मध्ये ती सोडून डेलानोला गेला, डोलोरेस वेर्टा आणि गिल्बर्ट पादिया यांच्यासोबत शेतमजुरांची संघटना बांधायला. गावोगाव फिरून कार्डं वाटली, ताशी किती मजुरी हवी ते मजुरांनीच लिहायचं. वर्गणी महिना साडेतीन डॉलर, तीही त्याच गरीब मजुरांकडून, ज्यावर माझे विद्यार्थी दर वर्षी चिडतात (ग्रँट का नाही घेतली? घ्या, त्यावर वेगळा तास). आणि संप सुरू केला तो यांनी नाहीच, ८ सप्टेंबर १९६५ला लॅरी इटलिऑन्गसोबतच्या फिलिपिनो मजुरांनी. चावेझला अजून काही वर्षं हवी होती, पण १६ तारखेला त्याच्या लोकांनी चर्चच्या हॉलमध्ये संपात उतरायचं ठरवलं.

मागच्या सेमिस्टरला एका मुलीने घरभाड्यावर बैठक घेतली, सात जण येतो म्हणाले, आले तीन, त्यातला एक शिफ्ट आहे म्हणून मध्येच उठला. फेल झाले म्हणून रडवेली होऊन आली. मी म्हटलं ते जाऊ दे, पुढची कुणाकडे?

"ते विचारायचंच राहिलं."